घेवड्याची तारीफ

“आज मी जे सांगणार आहे, ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही,” ओरोझिंबो म्हणाला, “आणि चुकून वाटलंच, तर हे तिकीट मी इथल्या इथे फाडून टाकीन.”

त्यानं खिशातून बसचं तिकीट काढलं, सगळ्यांना उलटसुलट करून दाखवलं आणि घडी घालून परत ठेवलं. बेलो ओरिझोन्तीला जाणारी बस पाच वाजता दोना लिंदाउराच्या दुकानापुढे थांबणार होती. घड्याळात तीन झाले होते. म्हणजे ओरोझिंबोच्या हातात दोन तास होते, आणि दोन तासांत या माणसानं याच बाकावर बसून याआधी एक पूर आणला होता, दोन बिशप बुडवले होते आणि एका बैलाला शीळ घालायला शिकवलं होतं.

“तिकिटाची काळजी नको करूस,” आल्तिनो न्हावी म्हणाला. “तुझ्या खिशात ते जन्मभर शाबूत राहील.”

खाटकाची बायको दोर्वालिना कॉफीचा कप हातात घेऊन पायरीवर बसली होती. ती नुसतीच हसली. लिंदाउरा दारातल्या खुर्चीवर होती, मांडीवर सूप, सुपात घेवडा. ती घेवडा निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण बोटं जरा हळू चालायला लागली.

सकाळपासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती.

सकाळी ओरोझिंबोनं आपला संसार वाटून टाकला होता. भाची त्याला कायमचं शहरात नेणार होती. त्यानं न्हाव्याला कुदळ दिली आणि खाटकिणीला दाढीचा आरसा. कुणाला काय लागतं याचा विचार त्यानं हयातीत कधी केला नव्हता, तो शेवटच्या दिवशी कशाला करेल. मग टोपी काढून तो लिंदाउरापुढे उभा राहिला. “दोना लिंदाउरा, मला कुणाचं काही नको. आठवण म्हणून तेवढा तुमचा पातीच्या कांद्याचा फुटका रांजण द्या. भाचीच्या गॅलरीत ठेवीन. पात हलली की वाटेल, तुम्हीच रागावताय.”

लिंदाउराला गंमत वाटली, आणि ती “ने” म्हणाली. फुटक्या रांजणाचं काय मोठंसं. ओरोझिंबोनं तो स्वतः गोणपाटात गुंडाळला, भोवती वाळलं गवत कोंबलं, सुंभानं सात वेढे घातले. आता रांजण बाकाशेजारी होता, गोणपाटाच्या तोंडातून हिरवी पात बाहेर डोकावत होती, आणि ओरोझिंबोचा डावा हात त्याच्यावर होता. लग्नात नवऱ्याचा हात नवरीच्या खांद्यावर असतो, तसा.

इथवर ठीक होतं. पण दुपारी तिनं त्याला शेवटचं जेवण वाढलं. घेवडा, भात, मान्द्योकाच्या कंदाचं भाजकं पीठ, वर डुकराच्या चरबीतली फोडणी. आणि ओरोझिंबोनं नेहमीप्रमाणे घेवड्यातला पातीचा एकेक हिरवा तुकडा वेचून ताटाच्या कडेला ओळीनं लावला. सव्वीस वर्षं तो हेच करत आला होता. पात त्याच्या घशाखाली उतरत नसे. लिंदाउराच्या हातातली पळी पातेल्यावर तशीच थांबली. ज्याला पात गिळवत नाही, त्याला पातीचा रांजण कशाला?

“आधी गारांची सांग,” दोर्वालिना म्हणाली. “जाता जाता एकदा ऐकू दे. तू गेल्यावर ती कोण सांगणार?”

“गारांची काय, सगळ्यांना पाठ आहे.”

“पाठ आहे म्हणूनच सांग. मागच्या वेळी गारा लिंबाएवढ्या होत्या. आज किती होतात बघू.”

ओरोझिंबोला एवढा आग्रह पुरे होता. “पपईएवढ्या,” तो म्हणाला. “आम्ही डोंगरात खणत होतो ते वर्ष. मी, वाल्दिविनो, आणि रांधायला या दोना लिंदाउरा. ऑक्टोबरचा महिना. अशा गारा पडल्या की एकीखाली ससा चिरडला, आणि रात्री आम्ही तो बर्फासकट शिजवला. आमचं खेचर होतं बारोनेझा, फार खानदानी जनावर. तिच्या पाठीवर एक गार बसली. तिला वाटलं, वाल्दिविनोनंच मारलं. तिनं वळून न बघता अशी लाथ झाडली की वाल्दिविनो वाचला आणि पाण्याचा रांजण गेला. एवढं भोक पडलं, पाद्रीबाबाचं डोकं टोपीसकट आत जावं. हाच तो रांजण.” त्यानं गोणपाटावर थाप मारली. “त्या रात्री आम्ही टोपीतून पाणी प्यालो. वाल्दिविनोच्या टोपीतलं पाणी प्यायलेला माणूस पुढे कशालाच भीत नाही.”

आल्तिनो हसला. लिंदाउराही थोडी हसली, कारण ही गोष्ट खरी होती. म्हणजे ससा आणि पपई सोडून. लाथ खरी होती, भोक खरं होतं, आणि ओरोझिंबोच्या तोंडून एवढं खरं एकदम क्वचितच निघायचं.

“आता ती,” ओरोझिंबो म्हणाला, आणि आवाज खाली आणला. “जी कुणाला खरी वाटणार नाही. त्या डोंगरातून खडा निघाला होता.”

दुकानात रेडिओ चालू होता. कुणीतरी साबणाचं गाणं म्हणत होतं. लिंदाउराच्या बोटांत घेवड्याचा एक दाणा राहिला, तो ना सुपात पडला ना बाहेर.

*

त्या एका वाक्याची ती सव्वीस वर्षं वाट बघत होती.

नवरा गेला तेव्हा लिंदाउरा भावाच्या घरी आली होती, म्हणजे खरं तर वहिनीच्या चुलीपुढे. तिथे ती सगळ्यांच्या आधी उठे आणि सगळ्यांच्या नंतर जेवे. तिचं स्वतःचं म्हणून एकच होतं, एस्त्रेला नावाची गाय. ती गाय तिनं विकली. आलेल्या पैशांत घेवडा, तांदूळ, पीठ, चरबी आणि कॉफी भरली, आणि ओरोझिंबो-वाल्दिविनो या जोडीशी डोंगराचा सौदा केला. आमच्या भागातला जुनाच रिवाज आहे हा: घास एकाचा, घाम दुसऱ्याचा, आणि जे निघेल ते अर्धं अर्धं. कागद नाही, सही नाही. पण मोडायची कुणाची छाती होत नाही, कारण बाजारातले खड्यांचे व्यापारी पुडी सोडण्याआधी एकच विचारतात: कुणाचं खाऊन काढला? ज्याचं खाल्लं तो माणूस समोर येऊन मान हलवत नाही, तोवर व्यापारी खडा उजेडाकडे धरतसुद्धा नाही. लिंदाउराचं गणित सोपं होतं. एक बरा खडा निघाला की स्वतःचं छप्पर. नाही निघाला की परत वहिनी.

अकरा महिने डोंगरानं अभ्रक दिलं, गारगोटी दिली, पांढरी माती दिली. मग जुलैत एक दिवस दोघे टोप्या हातात घेऊन म्हणाले, “डोंगर कोरडा आहे, दोना लिंदाउरा. देवाची मर्जी.” ती परत वहिनीकडे गेली. सात वर्षं. त्या सात वर्षांत वहिनीनं रोज एकदा, न चुकता, गायीची चौकशी केली.

पण डोंगर कोरडा नव्हता हे लिंदाउराला तेव्हाच कळलं होतं. घेवड्यावरून कळलं होतं.

खणणारा माणूस रांधणाऱ्या बाईच्या घेवड्याला नावं ठेवतो. ठेवलीच पाहिजेत. दिवसभर डोंगराशी डोकं आपटून आलेला माणूस डोंगराला शिव्या देऊ शकत नाही, डोंगर रुसतो. देवाला देऊ शकत नाही. जोडीदाराच्या हातात पहार असते. उरतो घेवडा. दहा महिने ते दोघे रोज तोंड वाकडं करत होते. घेवडा कच्चा आहे, घेवडा गाळ झालाय, चरबीला वास येतोय, यापेक्षा बारोनेझाचा खुराक बरा. लिंदाउराही उलट ऐकवायची, “मग बारोनेझाशीच जेवायला बस, ती तुझ्यापेक्षा कमी मचमच करते.” सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि जूनमधल्या एका सोमवारी वाल्दिविनो जेवता जेवता म्हणाला, “आज घेवडा छान झालाय हो, दोना लिंदाउरा.”

ओरोझिंबोनं त्याला टेबलाखाली लाथ मारली ती तिनं ऐकली. मग ओरोझिंबोही घाईघाईनं म्हणाला, “छानच आहे.” तिथेच दोघांचं फसलं. एकानं तारीफ केली असती तर ताप आलाय म्हणून सोडून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मीठच घातलं नाही. दोघांनी ताट पुसून खाल्लं.

“मीठ नाही त्यात,” ती म्हणाली.

“म्हणूनच,” वाल्दिविनो म्हणाला. “घेवड्याची मूळ चव लागते.”

तिसऱ्या दिवशी तिनं पातेल्यात डोंगरातली मूठभर पांढरी माती ढवळली. ओरोझिंबोनं आणखी एक पळी मागून घेतली.

मग ती शोधायला लागली. त्यांचे कपडे तीच धुवायची, तिनं शिवणी उसवून पाहिल्या. गवताच्या गाद्या उपसल्या. झोपडीत लाकडी सांत आंतोनियो होता, आतून पोकळ. आमच्याकडे शहाणी माणसं सोनंनाणं संताच्या पोटात ठेवतात आणि त्यामुळे चोरही आधी संताकडेच जातो. संताच्या पोटात एक झुरळ निघालं. कोंबड्या चकाकणारं काहीही टिपतात, म्हणून तिनं आठवड्याला एक याप्रमाणे तिन्ही कोंबड्या कापून त्यांची पोटं तपासली. त्यात गारगोटी होती आणि तिचंच हरवलेलं एक बटण. दोघांनी रस्सा ओरपला आणि तारीफ केली.

खडा सापडला नाही. पण दोघांना बघून तिची खात्री होत गेली. वाल्दिविनो झाडीत गेला की ओरोझिंबोलाही त्याच वेळी झाडीत जायचं असे. एकानं कूस बदलली की दुसरा उठून बसे. पुढे पुढे तर ते घोट्याला दोरी बांधून झोपायला लागले, एक टोक याच्या पायाला, दुसरं त्याच्या. ओरोझिंबो म्हणाला, “वाल्दिविनो झोपेत चालतो.” वाल्दिविनो म्हणाला, “हाच चालतो.” म्हणजे खडा होता, आणि दोघांपैकी एकाच्याही अंगावर नव्हता.

मात्र होता कुठे, हे तिला सव्वीस वर्षांत कळलं नाही.

*

“कसा होता?” दोर्वालिनानं विचारलं.

“आक्वामरीन,” ओरोझिंबो म्हणाला. “सहा बाजूंचा, सुतारानं रंधा मारावा तसा सरळ. माझ्या हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत.”

“बोटापासून पेरापर्यंत म्हण,” आल्तिनो म्हणाला. “तेवढा मी मान्य करतो.”

“तू न्हावी आहेस, तुला केस मोजता येतात. खडा राहू दे. पांढऱ्या मातीच्या खिशात तो उताणा झोपला होता, पाळण्यातल्या पोरासारखा. रंग मात्र तेव्हा हिरवट. ओढ्याच्या डबक्यात शेवाळाखालचं पाणी असतं ना, तसा. असा हिरवा खडा व्यापारी नाक मुरडून घेतो. त्याला भाजावा लागतो. हळू, बेतानं, पोळी फुगते तेवढ्याही धगीवर नाही. मग त्यातला हिरवा निघून जातो आणि मागे निळा राहतो.”

“कुठे भाजला?” हा प्रश्न लिंदाउराचा होता. दुपारपासून ती पहिल्यांदा बोलली.

ओरोझिंबोनं तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच तिच्या सुपाकडे. “तुमच्या चुलीत, दोना लिंदाउरा. मातीच्या गोळ्यात लिंपून राखेत पुरला होता. वर तुमचा घेवडा शिजत होता.”

दोर्वालिनानं तोंडावर हात ठेवला. लिंदाउराला आठवलं. त्या जूनमध्ये दोघे न सांगता सरपण आणायला लागले होते. तीन दिवस दोघांपैकी एकजण सतत चुलीपाशी बसून होता. सांत जोआंवच्या सणाचा जाळ जवळ आलाय, हात बसायला पाहिजे, असं काहीतरी म्हणाले होते. ती तेव्हा बुटांत, बाह्यांत, कोंबड्यांत शोधत होती, आणि विस्तव स्वतःच्या हातानं फुंकत होती.

हे खरं आहे, तिच्या मनानं कौल दिला. हा माणूस आत्ता खरं बोलतोय.

आणि त्याच क्षणी तिला जास्त भीती वाटली. ओरोझिंबो फुकट खरं बोलणारा माणूस नव्हता. सव्वीस वर्षं ज्यानं हूं का चूं केलं नाही, तो बस यायला दीड तास उरला असताना का बोलतोय? दुपारी पळी थांबली ती त्यानं पाहिली असणार. तिची नजर ताटावरच्या पातीकडून रांजणाकडे गेली तीही पाहिली असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. तिनं सूप मांडीवर नीट घेतलं आणि पुन्हा निवडायला लागली, एकेक दाणा बघून.

“तिसऱ्या दिवशी गोळा फोडला,” ओरोझिंबो सांगत होता. आता त्याला रंग चढला होता. “झोपडीचा उजेडच बदलला. वाल्दिविनोच्या दातांवर निळी झाक आली. मी त्याला म्हटलं, तोंड मीट, खडा तुझ्या तोंडात आहे की काय. मी समुद्र पाहिलेला नाही, वाल्दिविनोनंही नाही, पण खड्याचं नावच समुद्राचं पाणी. म्हणून मी चाटून पाहिला. खारट.”

“माती लागली असेल,” आल्तिनो म्हणाला.

“खारट, आल्तिनो. आणि कानाला लावला तर गाज ऐकू येत होती. दोन कोंबड्यांनी त्या आठवड्यात निळी अंडी घातली.”

“कोंबड्या तीन होत्या,” लिंदाउरा म्हणाली, “आणि तिन्ही मी कापल्या होत्या.”

“कापण्याच्या आधी घातली,” ओरोझिंबो अडखळलासुद्धा नाही. “तर खडा असा. आणि आता मी लाजेनं सांगतो, म्हातारा झालोय, बस यायची आहे, वाल्दिविनोही एप्रिलात गेला, देव त्याला सुखात ठेवो. आम्हा दोघांच्या मनात पाप आलं. अर्धा तुमचा, उरलेल्यात आम्ही दोघं. वाल्दिविनो म्हणाला, बाईला कळायला कशाला पाहिजे. मी नको म्हटलं.”

“तू नको म्हटलंस,” लिंदाउरा म्हणाली.

“एकदा म्हटलं. हळू म्हटलं.”

आल्तिनोला हसू आलं, पण लिंदाउराचा चेहरा बघून त्यानं ते कॉफीत बुडवलं.

“मग लपवला कुठे?” दोर्वालिनाला राहवेना.

ओरोझिंबोनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एवढं करेपर्यंत तो थांबला, कारण गोष्ट कुठे थांबवायची हे त्याला पक्कं माहीत होतं. “समुद्राच्या पाण्याचा खडा कुठे लपवतात? पाण्यात. खडा इतका स्वच्छ होता की पाण्यात सोडला की दिसेनासा होई. पाण्यात पाणी. मी स्वतः हात घालून चाचपायचो तेव्हा पटायचं की आहे. यांच्या नाकासमोर ठेवला होता. दोना लिंदाउरा रोज दहादा त्यात ओगराळं बुडवायच्या, घेवड्याला पाणी घ्यायच्या, प्यायच्या. खडा त्यांच्या हाताखाली चार बोटं.”

“कशात पण?” आल्तिनोनं विचारलं.

“कशात म्हणजे काय, रांजणात,” ओरोझिंबो म्हणाला आणि त्याच्या डाव्या हातानं गोणपाटावर सवयीनं थाप मारली. “झोपडीत दुसरं होतं काय. ते पाणी प्यायल्यावर आम्हा तिघांना स्वप्नात जहाजं दिसायची. आणि मग जुलैचा तो दिवस. आमचा बेत ठरला होता, सामान हलवताना खडा काढून घ्यायचा. पण दोना लिंदाउरा आमच्या आधी उठल्या. रांजण कमरेवर घेतला, ओढ्यावर गेल्या आणि उपडा केला. मी आणि वाल्दिविनो काठावर उभे. ओरडावं तर चोरी कबूल होते, गप्प राहावं तर खडा जातो. पाणी पाण्यात मिसळलं. दिसलासुद्धा नाही हो. आम्ही तो ओढा गुडघाभर पाण्यात चार वर्षं चाचपत होतो. लोक म्हणायचे, मासे धरतायत.”

दोर्वालिनानं छातीवर क्रूस काढला.

“अरे देवा,” आल्तिनो म्हणाला. “म्हणजे बिचारीनं आपल्याच हातानं स्वतःचं नशीब ओतून दिलं.”

“म्हणून तर इतकी वर्षं सांगितलं नाही,” ओरोझिंबो हळू आवाजात म्हणाला. “यांचं मन मोडलं असतं. आम्ही दोघांनी आमची शिक्षा भोगली. रोज इथे येऊन बसलो, यांच्या डोळ्यांपुढे.”

“मला खरं वाटलं,” आल्तिनो म्हणाला. “फाड तिकीट.”

“तुला निळी अंडीपण खरी वाटली?”

“ती नाही.”

“मग अर्धंच वाटलं. अर्ध्या विश्वासावर तिकीट फाटत नाही.”

घाटाच्या वळणावर बसचा भोंगा वाजला. आज ती वेळेच्या आधी आली होती, आणि अशी वेळेच्या आधी ती ओरोझिंबोच्या गोष्टीतसुद्धा कधी आली नव्हती. तो चटकन उठला, टोपी डोक्यावर बसवली आणि रांजणाला दोन्ही हातांनी मिठी मारली. रांजण हलला नाही. “आल्तिनो, जरा हात लाव. बुडाकडून धर. जपून.”

आल्तिनोनं वाकून उचलायला पाहिलं आणि परत खाली ठेवला. “काय भरलंयस रे यात? एवढी पात एवढी जड?”

“ओली माती जडच असते. सकाळी पाणी घातलंय.”

लिंदाउरा अजून खुर्चीवरच होती. तिला दुखत होतं, पण जिथे आल्तिनोला वाटत होतं तिथे नाही. गोष्ट ऐकताना क्षणभर तिला खरंच वाटलं होतं की आपणच ओतून दिलं. सात वर्षं वहिनीची चूल, आणि ती आपल्याच हातानं. पण भरलेला रांजण कमरेवर घेतल्याचं तिच्या कमरेला काही आठवत नव्हतं. तिच्या उजव्या खांद्याला मात्र दुसरंच आठवत होतं. तो खांदा आजही वर होत नाही. केस विंचरायला तिला डावा हात लागतो. कशानं गेला तो खांदा? डब्यानं. रॉकेलच्या चौकोनी डब्यानं, ओढ्यावरून झोपडीपर्यंत, चढाच्या वाटेनं.

आणि डबा का लागत होता?

मग बाकीचं आपोआप ओळीला लागलं, ताटाच्या कडेला पात लागावी तसं. स्वतःचं ताटही कधी न उचललेला ओरोझिंबो त्या जूनमध्ये, घेवडा छान लागायला लागला त्याच आठवड्यात, म्हणाला होता, “हा फुटका रांजण उगीच पडलाय. तुम्हाला पात लावून देतो.” खाली गोटे, वर माती, स्वतःच्या हातानं. वर पाणी घालायचं, पण खाली उकरायचं नाही, पातीची मुळं नाजूक असतात, असं दोघांनी बजावलं होतं. डोंगर सुटला तेव्हा तो रांजण दोघांनी अकरा किलोमीटर खांद्यावरून वहिनीच्या परसात आणला. सात वर्षांनी तिनं स्वतःचं छोटं दुकान थाटलं तेव्हा परत दोघांनीच तो इथवर आणला. आणि मग बाकाच्या या टोकाला ओरोझिंबो, त्या टोकाला वाल्दिविनो, मध्ये रांजण. रोज. गाव म्हणायचं, काय दोस्ती आहे. एक लघवीला उठला की दुसराही उठायचा. एप्रिलात वाल्दिविनो गेला, आणि या जूनमध्ये ओरोझिंबोला एकदम पात आवडायला लागली.

बस दुकानापुढे येऊन थांबली. धूळ बसायच्या आत लिंदाउरानं सूप खाली ठेवलं, उठली, तीन पावलं चालली आणि रांजणाच्या सुंभाच्या गाठीवर हात ठेवला. ओरोझिंबोचा हात तिथेच होता. तो त्यानं काढला नाही, तिनंही काढला नाही.

“सोडा हो, दोना लिंदाउरा. ड्रायव्हर थांबणार नाही.”

“थांबेल. कॉफी प्यायल्याशिवाय तो कधी गेलाय?” ती म्हणाली. मग तिनं आवाज चढवला, आल्तिनोला, दोर्वालिनाला आणि खिडकीतून बघणाऱ्या उतारूंनाही ऐकू जावा एवढा. “रांजण बारोनेझानं ऑक्टोबरात फोडला. पाद्रीबाबाचं डोकं जाईल एवढं भोक, आत्ता तूच सांगितलंस. तुझा खडा निघाला जूनमध्ये. मधले आठ महिने आणि पुढेही मी ओढ्यावरून डब्यानं पाणी वाहिलं, रोज सहा खेपा. त्या रांजणात पाण्याचा थेंब ठरत नव्हता, ओरोझिंबो. त्यात माती होती, आणि ती तू भरलीस. आता सगळ्यांदेखत सांग, कुणाचं खाऊन काढला?”